जुना रुपया घेताना काटा सोबत ठेवा

महोदय,

लक्ष्मीपूजनासाठी राणीछाप किंवा राजाछाप (व्हिक्टोरिया राणीची किंवा ब्रिटिश राजाची मुद्रा असलेला) चांदीचा रुपया पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोर बाजारात हौसेने घेतला जातो. त्यात जर्मन सिल्व्हरचे (तांबे, जस्त व निकेलचा मिश्रधातू; त्यात चांदी नसते) ओतीव नग सर्रास मिसळलेले असतात.

१८६२ ते १९३९ या काळातला अस्सल रुपया ११.६६ ग्रॅमचा, ९१.७ टक्के चांदीचा. झिजेने वजन थोडे घटते, वाढत मात्र नाही. लोहचुंबकाला चिकटला तर तिथेच परत करा. पण न चिकटणे हा चांदीचा पुरावा नव्हे. खरी परीक्षा पाण्याची. ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्यावर आणा. नाणे दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका. काटा १.१३ ग्रॅमच्या आसपास हवा; १.३ दाखवला, तर धातू चांदीहून हलका आहे. मग भिंगातून कड पाहा: मधे सांध्याची रेघ किंवा पृष्ठावर बारीक छिद्रे म्हणजे नाणे ओतलेले, टांकसाळीत छापलेले नव्हे.

१९३९चा रुपया दुर्मीळ, म्हणून १९३८च्या आठाचा नऊ कोरतात. शेवटचा आकडा जरूर ताडून पाहा. रामदरबाराचे ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ नाणे तर कंपनीने कधी पाडलेच नाही; त्याला हजारो रुपये मोजू नयेत.

आणि कृपा करून चिंच किंवा पितांबरी लावू नका! घासलेल्या नाण्याचा मूळ पृष्ठभाग जातो, तो परत येत नाही. शंभर वर्षांहून जुनी नाणी परदेशातल्या नातलगांसाठी नेणेही १९७२च्या पुरावस्तू कायद्यात बसत नाही.

– एक नाणेसंग्राहक, पुणे