सुन्या, ते व्हायकिंग नव्हते

मिरज
१७ ऑगस्ट २०२५

प्रिय सुन्या,

हे व्हॉट्सॲपवर सांगण्यासारखं नाही, म्हणून पत्र. लांबणार आहे. शेवटी एक कबुली आहे, पण उडी मारून थेट तिथं जाऊ नकोस. तिथवर पोचायला मला तीन रविवार लागलेत, त्यातला अर्धा तरी तू भोगलाच पाहिजेस.

गणपती तोंडावर आलेत म्हणून आईनं गेल्या महिन्यातच माळा आवरायला लावला. मखराच्या थर्माकोलमागं आपल्या हॉस्टेलच्या कॉम्प्युटरचं कॅबिनेट निघालं. तेच, ज्याच्या एका बाजूचं झाकण आपण कायमचं काढून ठेवलं होतं आणि समोर टेबलफॅन लावायचो. आत चाळीस जीबीची हार्डडिस्क जागच्या जागी. शेजारी सीड्यांचं पाकीट, आणि त्यात तुझ्या बाबांच्या बोनसमधून घेतलेली ‘एज ऑफ एम्पायर्स २’ (तोच, गाव वसवून सैन्यानं एकमेकांना संपवायचा गेम) आणि त्याचा वाढीव भाग ‘काँकरर्स’, अशी ओरिजिनल जोडी. अख्ख्या मजल्यावर ओरिजिनल तेवढीच, बाकी सगळा मार्करनं नावं लिहिलेला माल.

जुनी डिस्क यूएसबीला जोडायचं कन्व्हर्टर आणलं. डिस्क दोनदा नुसतीच कटकटली, तिसऱ्यांदा फिरली. गेमच्या फोल्डरात ‘सेव्हगेम’, आणि त्यात दीड एमबीची एक फाईल: ‘सुन्या मेला फायनल’. तारीख सप्टेंबर २००२.

आठवलं ना? तू हूण, कारण हूणांना घरं बांधावी लागत नाहीत आणि तुला बांधकामाचा कंटाळा. मी मंगोल. तिसरा कॉम्प्युटरचा व्हायकिंग. हरेल त्यानं महिनाभर स्टँडमागच्या गाड्यावर अंडाभुर्जी द्यायची. तू मेसला गेलास आणि परत येऊन बघतोस तर गाव जळून खाक. मी म्हटलं, ‘व्हायकिंग येऊन गेले रे, मी तरी काय करणार?’ तू महिनाभर मुकाट भुर्जी चारलीस, आणि तेवीस वर्षं म्हणत राहिलास की ते व्हायकिंग नव्हते. स्वतःच्या लग्नात, वहिनींच्या माहेरच्यांसमोरसुद्धा.

तर ही फाईल म्हणजे त्या रात्रीचं रेकॉर्डिंग. ‘रेकॉर्ड गेम’वर टिक मीच केली असणार, नंतर माज दाखवायला.

पहिला रविवार गेम बसवण्यात गेला. लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच नाही, ती शेजारच्या सायबर कॅफेवाल्याकडून उसनी आणली. (तो आता आधारची कामं करतो.) विंडोज ११ वर इन्स्टॉल झालं, त्यावर ‘१.०सी’ हा पॅच, म्हणजे गेमची नंतर आलेली दुरुस्ती, तोही बसला (त्याची कटकट पुढं सांगतो), पण गेम सुरू करताच ‘डायरेक्टप्ले’ मागायला लागला. जुन्या गेमांचं नेटवर्किंग त्यावर चालायचं. विंडोज ८ पासून ते आपोआप चालू नसतं, ‘विंडोज फीचर्स’च्या यादीत ‘लेगसी कंपोनंट्स’ उघडून टिक करावी लागते. केली. गेम उघडला, तर गवत जांभळं! घोड्यांची तोंडं लाल!

का, ते ऐक. हा गेम २५६ रंगांचा. चित्रात प्रत्यक्ष रंग नसतोच, नुसता नंबर असतो, आणि कुठला नंबर म्हणजे कुठला रंग याची यादी वेगळी. डेस्कटॉपनं मध्येच ती यादी बदलली की गेमचा सत्तर नंबरचा हिरवा झाला जांभळा. विंडोज ७ च्या काळात लोक गेम लावण्याआधी टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोररच बंद करायचे, खाली टास्कबार नाही, काही नाही, नुसता गेम. आता त्याहून सभ्य उपाय आहे. ‘सीएनसी-डीड्रॉ’ नावाची एक डीएलएल, म्हणजे गेमला लागणाऱ्या तयार कोडची फाईल, लोकांनी लिहून फुकट ठेवली आहे. ती गेमच्याच फोल्डरात टाकायची. गेम चित्र काढणारी डीएलएल आधी आपल्या घरात शोधतो, मग विंडोजच्या. घरात डबा मिळाला की माणूस खानावळीत कशाला जाईल? ती डीएलएल गेमकडून जुने नंबर घेते आणि ग्राफिक्स कार्डाला कळतील असे रंग देते. गवत हिरवं झालं.

आता ती पॅचची कटकट. पॅच बसवण्याआधी मी एक शहाणपणा केला होता. ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये जुना गेम ठेवू नये हे मला माहीत होतं. व्हिस्टापासून विंडोज तिथं कोणालाही सहज लिहू देत नाही. जुना गेम तिथं सेव्ह करायला गेला की ती फाईल गुपचूप ‘व्हर्च्युअलस्टोअर’ नावाच्या तिसऱ्याच फोल्डरात पडते आणि आपण शोधत बसतो. म्हणून मी अख्खं फोल्डर कापून थेट सी ड्राइव्हवर ‘गेम्स’मध्ये चिकटवलं. नंतर १.०सी पॅच चालवला, तर तो म्हणतो गेम इन्स्टॉलच नाही! बरोबरच होतं त्याचं. पॅच फोल्डर बघत नाही, रजिस्ट्रीतला, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीतला पत्ता बघतो, आणि तो मी बदलला नव्हता. बरं, रजिस्ट्रीत शोधायला गेलो तर तिथंही नाही. ३२ बिटी प्रोग्रॅमच्या नोंदी ६४ बिटी विंडोजमध्ये ‘वॉव६४३२नोड’ नावाच्या पोटखोलीत ठेवतात. तिथं पत्ता हातानं दुरुस्त केला तेव्हा पॅच बसला. हे सगळं उरकेपर्यंत रात्रीचे साडेअकरा. घरात सगळे झोपलेले, मी आवाज बंद करून रेकॉर्डिंग लावलं.

वीस एक मिनिटं झकास. तुझे गावकरी मेंढ्या कापतायत, माझा स्काऊट तुझ्या जंगलात भटकतोय. मग बघता बघता सगळ्यांना वेड लागलं. तुझे लाकूडतोडे झाड नसलेल्या जागी जाऊन उभे राहिले. माझे मंगुदाई, म्हणजे मंगोलांचे घोडेस्वार तिरंदाज, तळ्याच्या काठाला अडून एकाच जागी घोडे नाचवत बसले. चाळिसाव्या मिनिटाच्या आसपास चॅट उमटलं, तुझं: ‘मेसला जातो. १० मि. मारू नको.’ खाली माझं: ‘ओके’. आणि त्या दहा मिनिटांत माझं सैन्य तळ्याकाठीच. मी निर्दोष! खरं सांगतो, इतकं शांत झोपलो त्या रात्री.

सकाळी दात घासताना डोक्यात आलं की हे रेकॉर्डिंग दीड एमबीचंच कसं? व्हिडिओ असता तर डिस्क भरली असती. त्यात चित्र नाहीच, फक्त हुकूम आहेत. अमक्या क्षणी पक्यानं या घोड्यांना तिकडं पाठवलं, तमक्या क्षणी सुन्यानं घाण्याला हात घातला. गेम लॅनवर, म्हणजे तारेनं जोडलेल्या कॉम्प्युटरांवर, चालायचा तोही असाच. तेव्हा २८.८ च्या मोडेमवर दोन बाजूंचे शेकडो सैनिक पाठवणं शक्यच नव्हतं, म्हणून प्रत्येक कॉम्प्युटर आपापल्या जागी तंतोतंत तोच खेळ चालवायचा आणि तारेतून फक्त हुकूम जायचे. रेकॉर्डिंग बघणं म्हणजे खेळ पुन्हा खेळवणं. आणि त्यासाठी गेमची आवृत्ती तीच हवी. पॅचमध्ये कुणीतरी एखादा आकडा बदलला, एक मेंढी अर्धा सेकंद उशिरा मेली, की तिथून पुढं दुसराच इतिहास. आपल्याकडं २००२ साली पॅच कुठला? नेट फक्त लॅबमध्ये आणि आणायचं फ्लॉपीवर. आपण सीडीतला १.० खेळत होतो. चॅट मात्र हुकमांसारखं जसंच्या तसं फाईलमध्ये असतं, ते खेळ भरकटला तरी आपल्या वेळेला उमटतं.

तू टेस्टिंगवाला, म्हणून हेही सांगतो. या एप्रिलमध्ये ‘जीटीए’ मालिकेतल्या ‘सॅन अँड्रियास’ या गेमचं एक प्रकरण वाचलं. विंडोज ११ च्या २४एच२ अपडेटनंतर त्यातलं स्किमर हे पाण्यावर उतरणारं विमान गायबच झालं. बोलावलं तर खेळणारा थेट अंतराळात. शोध घेणारा म्हणजे या जुन्या गेमांसाठी ‘सायलेंटपॅच’ नावाची दुरुस्ती लिहिणारा. निघालं असं की आधीच्या ‘व्हाइस सिटी’ गेममध्ये स्किमर बोट म्हणून नोंदलेलं होतं, त्याला चाकांचे आकडे लागत नव्हते. पुढच्या गेममध्ये ते विमान झालं, आकडे लिहायचे राहून गेले. गेम वाचताना ती जागा कोरी सोडायचा आणि मेमरीत आधीच्या गाडीचे जे आकडे उरलेले असत तेच वापरायचा. वीस वर्षं ते आकडे तिथं सापडले. नव्या विंडोजमधलं एक फंक्शन तेवढी जागा स्वतःसाठी वापरायला लागलं, आणि झालं. चूक गेमची, पण ती उघडी पडली विंडोजनं कूस बदलल्यावर. तुमच्याकडं असल्या चुकीला काय म्हणतात रे? मी तर बघतच राहिलो.

असो. पॅच काढता येत नाही. सगळं पुसून पुन्हा सीडीवरून १.० बसवला, तर तो उघडेचना. त्या काळच्या पुष्कळ सीड्यांवर ‘सेफडिस्क’चं कुलूप असायचं, चोरून कॉपी होऊ नये म्हणून. कुलूप उघडणारा ड्रायव्हर विंडोजमध्येच यायचा. त्यात सुरक्षेची भोकं निघाली, म्हणून विंडोज १० मध्ये तो ठेवलाच नाही, आणि जुन्या विंडोजवरही सप्टेंबर २०१५ च्या अपडेटनं बंद पाडला. गंमत बघ, चोरीची सीडी वाजते आणि तुझ्या बाबांच्या बोनसची वाजत नाही.

तिसऱ्या रविवारी उठून इचलकरंजीला मामाच्या प्रेसवर गेलो. तिथं अजून जुनं विंडोज एक्सपी आहे. जुन्या मराठी डीटीपीचा डोंगल, म्हणजे सॉफ्टवेअरची किल्ली, मागच्या प्रिंटर पोर्टला लागतो, म्हणून मामा ते मशीन मरू देत नाही. त्याच्या पंख्यात बसलेली कागदाची भुकटी तू बघायला हवी होतीस. लग्नपत्रिकांचं काम उरकेपर्यंत थांबलो. तेवढ्यात पाकिटातली १९९७ ची एक रेसिंगची सीडी घातली, जी माझ्या लॅपटॉपनं ‘हा प्रोग्रॅम इथं चालणार नाही’ म्हणून झिडकारली होती. इथं एका दमात बसली. तो गेम ३२ बिटी, पण त्याचा सेटअप १६ बिटी, आणि ६४ बिटी विंडोज १६ बिटी काही चालवतच नाही. म्हणजे वऱ्हाड धडधाकट आणि दारातल्या भालदारामुळं कार्य अडलेलं. लॅपटॉपवर त्यालाही ‘ओटीव्हीडीएम’ नावाची पळवाट आहे, तुला करायची असेल तर सांग.

मग ‘सुन्या मेला फायनल’ लावलं. १.०, पॅच नाही, एक्सपी. एकही गावकरी भरकटला नाही. रेकॉर्डिंगमध्ये खेळाडू बदलून बघता येतं, म्हणून मी तुझ्या बाजूनं बघत होतो. एक्केचाळिसावं मिनिट. ‘मेसला जातो. १० मि. मारू नको.’ ‘ओके.’ आणि लगेच मी ११ टाईप केलंय, म्हणजे गेममधलं ते खदाखदा हसणं. तुझे गावकरी शेतात. उत्तरेकडून लाल घोडे आले. लाल मी होतो, सुन्या. आधी शेतावरचे मारले, मग लाकडाचे, मग भिंती फोडायची ती ‘मेंढा’ यंत्रं आणून टाउन सेंटर. व्हायकिंग नकाशाच्या दुसऱ्या टोकाला मासे पकडत होते. तू परत यायच्या आत सगळे घोडे मी जंगलामागं नेऊन उभे केले.

मामा चष्मा वर करून मागं उभा होता. म्हणाला, ‘ह्यो लाल कोण? लईच हरामखोर दिसतोय.’ मी म्हटलं, ‘मित्र आहे एक.’

तर माझ्याकडं तुझी महिनाभराची भुर्जी निघते. गाडा अजून तिथंच आहे, आता त्याचा मुलगा चालवतो. डिसेंबरात येशील तेव्हा तीस दिवस राहायच्या बोलीनं ये, वहिनींना आणि चिंटूला घेऊन.

फाईल सोबत पाठवतोय. तिकडं नव्या मशीनवर १.०सी टाकून लावलीस, तर मी तळ्याकाठीच दिसेन. चिंटूला तेवढीच दाखव.

तुझा,
पक्या