प्रिय दिल्या, स्वेटरची गोष्ट आहे

सोलापूर, २४ जानेवारी

प्रिय दिल्या,

काय बे, आहेस ना? दिवाळीत तुझा फोन आला तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं, नंतर करतो म्हणलो, आणि ते नंतर आज उजाडलंय. शिव्या दे, पण सगळं वाचून झाल्यावर दे. हे फोनवर सांगितलो असतो तर तू मधेच हसला असतास आणि मला पुढचं सांगता आलं नसतं. सुनीताला सांगितलो तर ती म्हणली बरं झालं, जिरली. आईला सांगायची सोय नाही, का ते पुढं कळेल. राहिलास तू.

तब्येत बरी आहे सगळ्यांची. माझी शुगर आहे तिथंच आहे. आईचे गुडघे थंडीत कुरकुरतात.

तर गड्ड्याच्या जत्रेच्या आधीचा आठवडा. चिऊ आता पहिलीत आहे. तिला शाळेच्या त्या मरून स्वेटरनं गळ्याभोवती पुरळ उठलं, अ‍ॅक्रिलिक ते, वरून गळ्याची रिब टाईट, पोरगी दिवसभर खाजवायची. म्हणून आईनं घरी एक विणला, हळदीसारखा पिवळाधमक, पुढं दोन खिसे आणि दोन्ही खिशांवर एकेक बदक. बदक कोंबडीसारखं दिसतं पण ते आईसमोर बोलायचं नाही. पोरगी इतकी खूश की रात्री तो घालूनच झोपली. सकाळी घालून गेली आणि दुपारी आली तर स्वेटर दप्तरात, डब्याच्या खाली, वर भाजीचं तेल सांडलेलं. म्हणली मिसनी प्रार्थनेच्या आधी काढायला लावला, पिवळा चालत नाही. मी विचारलो, मग थंडी वाजली का गं. तर म्हणते, दात वाजले, आणि शेजारच्या मुलीचे पण वाजत होते, मग आम्ही दोघी कुणाचे जास्त जोरात वाजतात असा खेळ खेळलो.

हसत सांगत होती बे. मला हसू येईना.

आता तू म्हणशील सोलापूरला कसली आलीय थंडी. माहितीय, तुझ्या निफाडला द्राक्षाच्या बागेत शेकोट्या पेटवतात आणि तू मास्तर लोकांना घेऊन त्यात हात शेकत फोटो टाकतोस. पण आमच्याकडचं गणित वेगळंय. आभाळ मोकळं, हवा कोरडी, दिवसभर तापलेली जमीन रात्रीत सगळी ऊब सोडून देते, त्यामुळं पहाटे बारा-तेरा आणि दुपारी तीस, एकाच दिवसात दोन ऋतू. आणि ते तारखेप्रमाणं येत नाहीत. यंदा नोव्हेंबरातच चार दिवस असा गारठा पडला की माझ्या शिलाई कारखान्यातल्या बायका शाली गुंडाळून मशीनवर बसल्या होत्या आणि तेलुगूत मला काहीतरी बोलत होत्या, मला एवढंच कळलं की शिव्या आहेत, खिडकीची काच मी दोन वर्षं बसवलेली नाही. तेव्हा शाळेत स्वेटर चालत नव्हता, कारण सर्क्युलरमध्ये लिहिलंय १ डिसेंबर ते ३१ जानेवारी. आणि परवा दुपारी, बाहेर तीस-एकतीस असताना, पहिलीतली पोरं स्वेटर घालून घामानं ओली, कारण तो आता गणवेशाचा भाग आहे म्हणून काढायचा नाही. म्हणजे थंडी वाजते तेव्हा घालायचा नाही आणि उकडतं तेव्हा काढायचा नाही.

वेळेचं पण तसंच. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारनं काढला ना जीआर, चौथीपर्यंतची शाळा नऊच्या आधी भरवू नका, पोरांची झोप होत नाही म्हणून. आमच्या शाळेनं नऊ केले, चांगलं केलं. पण रिक्षावाल्या मामांच्या फेरीत आमचं घर पहिलं. चिऊ पावणेआठला रिक्षात बसते, मग जुळे सोलापूरची अर्धी गल्ली गोळा करत, दोन्ही बाजूंनी वारं घेत, पाऊण तास. तिथं पोचली की मैदान इमारतीच्या पश्चिमेला, साडेनऊपर्यंत ऊन येत नाही, आणि त्या सावलीत सगळी पोरं रांगेत उभी. पोरी पिनो फ्रॉकमध्ये, गुडघ्यापासून खाली मोजे येईपर्यंत सगळं उघडं. आत लेगिंग घातलेली चालत नाही. पोरगे हाफ पँटमध्ये. मी दुसऱ्या दिवशी जाऊन स्वतः बघितलो, एका पोराच्या मांडीवर काटा आलेला मला गेटपासून दिसत होता.

मला कसलं तरी भूतच चढलं. तडक ऑफिसात गेलो. मोठ्या बाई शांत बाई आहेत. मी बोलत होतो आणि त्या ऐकत होत्या. मी म्हणलो मॅडम, लहान पोराला थंडी मोठ्यापेक्षा लवकर लागते, वजनाच्या मानानं त्याचं कातडं जास्त असतं. डॉक्टरकडून ऐकलोय हे, पण खरं सांगायचं तर मला ते आमच्या धंद्यात आधीच कळायला पाहिजे होतं. माझं वजन ऐंशी किलो, चिऊचं अठरा, म्हणजे मी तिच्या साडेचार पट. पण माझ्या शर्टाला सव्वादोन मीटर कापड लागतं आणि तिच्या शर्टाला एक मीटर. साडेचार पट नाही लागत ना? मग ऊब साठवायला अंग एवढंसं आणि ऊब बाहेर जायला कातडं भरपूर. तीस वर्षं कापड कापतोय आणि हे गणित मी कधी मांडलो नाही बघ.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं, मग कपाट उघडलं, फाईल काढली आणि एक कागद माझ्यापुढं ठेवला. म्हणल्या, "ही भाषा तुमचीच ना हो?"

कागद माझाच होता.

तीन वर्षांपूर्वी त्या शाळेची ऑर्डर मिळावी म्हणून मीच त्यांना विंटर युनिफॉर्मची कल्पना दिलो होतो. लोगोवाला मरून स्वेटर, लुधियानाहून मागवायचा, उन्हाळ्यातच बुकिंग करावं लागतं, म्हणून किती पीस ते आधी पक्कं पाहिजे, म्हणून तारीख पक्की पाहिजे, म्हणून दुसरा कुठलाही रंग चालता कामा नये, नाहीतर लोक घरचेच घालतात आणि माल अंगावर पडतो. हे मी असं थोडंच लिहिणार? मी लिहिलो "शिस्त आणि समानता". दुकानातल्या कॉम्प्युटरवर टाईप करून दिलो, शाळेनं खाली फक्त सही मारली. "इतर रंगाचे स्वेटर, जर्किन, शाल, कानटोपी चालणार नाही. शाळेचा स्वेटर अनीवार्य." आणि अनिवार्यमधला नि दीर्घ. चौथीपासून माझा तो चुकतोच, तुला माहितीय, तू कितीदा हसलायस. त्या कागदावर माझं नाव कुठंच नव्हतं बे, पण त्या एका वेलांटीनं मी सापडलो.

हाफ पँटचं पण मीच. चौथीपर्यंत हाफ पँट ठेवा म्हणून सुचवलो होतो, लहान पोरं गोड दिसतात म्हणलो. गोड कसली, पहिलीच्या पोराच्या फुल पँटला हाफच्या जवळजवळ दुप्पट कापड जातं आणि रेट तेवढा वाढवून मिळत नाही.

बाहेर येऊन गाडीवर बसलो आणि मला तू आठवलास. तू विसरलो म्हणतोस, तुझ्या लग्नात पण म्हणला होतास, सोड बे काय ते जुनं. पण मी विसरलेलो नाही. अक्काचा तो निळा स्वेटर. तू चौथीत घालून आला होतास, बरा होता, कुणाच्या लक्षात पण आलं नसतं, पण मी पडलो टेलरचा पोरगा. बटणपट्टी बघितलो आणि सगळ्या वर्गात ओरडलो, बटणं डावीकडं आहेत, लेडीज आहे, लेडीज आहे. दहावीपर्यंत तुला पोरं ताई म्हणायची. आणि तू दहावीपर्यंत स्वेटर घातला नाहीस. मला आठवतं, डिसेंबरात सकाळच्या शाळेत तू दोन्ही हात काखेत घालून बसायचास आणि बाई विचारल्या की मला थंडी वाजतच नाही म्हणायचास. मी शेजारी बसायचो. माझ्या अंगात माझा स्वेटर असायचा, बटणं उजवीकडं.

तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो, ते एक जाऊ दे. आता पंचेचाळीस आहे आणि लेटरहेडवर तेच काम केलो.

(कंपास मात्र मी घेतलेला नव्हता. ते अजून पण खोटं आहे.)

गड्ड्याला चिऊला खांद्यावर घेऊन नंदीध्वज बघायला गेलो होतो. तुला कसं सांगू, गर्दी तीच, खाजा तोच, फक्त आपण दोघं नाही. पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी बघून ही वरून विचारते, बाबा, यांचा पण युनिफॉर्म आहे का? हो म्हणलो. मग यांना पिवळा स्वेटर चालतो का? मी काय सांगणार. तेवढ्यात एक म्हातारा दिसला, बाराबंदीवर सरळ चौकड्याचा मफलर गुंडाळलेला, अनवाणी चालला होता आणि हर्र बोला म्हणून ओरडत होता. चिऊ म्हणली, बघा, चालतो. सिद्धरामेश्वराला चाललं, आमच्या सर्क्युलरला चालत नाही.

तुझ्याकडं बरंय एका अर्थानं. तू सरकारच्या त्या एक राज्य एक गणवेश योजनेच्या वर्षी मला फोटो पाठवला होतास, एका चड्डीत दोन पोरं उभी केलेली, मी तो कारखान्यात सगळ्यांना दाखवलो होतो, बायका हसून हसून बेजार. कापड मुंबईतून ठरवायचं, शिलाई बचत गटाकडून, आणि माप कुणाचंच घ्यायचं नाही, असं कधी जमतं का? बरं झालं परत शाळेच्या समितीकडं आलं ते. पण एक बघ, सरकारचे दोन गणवेशाचे सहाशे रुपये, त्यात स्वेटर बसतच नाही, म्हणून तुझ्या शाळेत कुणी बापाचा मफलर, कुणी बहिणीचं जर्किन, कुणी आजीची शाल कानावरून घेऊन येतं, आणि तू कुणाला काढायला लावत नाहीस. माझ्या फी भरलेल्या शाळेपेक्षा तुझी झेडपीची पोरं उबेत आहेत.

आता हे वाचून मी युनिफॉर्मच्या विरुद्ध झालो असं समजू नकोस, माझं घर त्याच्यावर चालतं, आणि अर्ध्या पूर्व भागाचं पण. गिरण्या गेल्यावर या गावाला याच शिलाईनं हात दिला. आणि गरीब-श्रीमंत एका रंगात दिसतात हे मला खरंच पटतं, ते नुसतं टाईप केलेलं नव्हतं. पण आत शर्ट आणि पिनो शाळेचा असला की झालं की, वरून ऊब कुठल्या रंगाची आहे ती कशाला मोजायची, निदान चौथीपर्यंत. मोठी पोरं थंडी वाजली तर स्वतः सांगतात, भांडतात, वर्गात उन्हाची खिडकी पकडतात. ही सहा वर्षांची पोरं दात वाजवायचा खेळ काढतात.

म्हणून नवीन कागद लिहिलोय. मोठ्या बाई म्हणल्या, आणा, कमिटीपुढं ठेवते, पण तुमचा माल पडून राहिला तर माझ्याकडं येऊ नका. गोडाऊनमध्ये एकशेचाळीस मरून स्वेटर आहेत बे. सुनीता म्हणते त्याच्या गोधड्या शिवा. माझा विचार, गळ्याची रिब उसवून ढिली करायची, आत सुती पट्टी लावायची आणि निम्म्या किमतीत ज्याला पाहिजे त्याला द्यायचे, सक्ती नाही. बघू. आईला मात्र यातलं काही माहीत नाही, तिला वाटतं तेल सांडलं म्हणून स्वेटर धुवायला टाकलाय. तो वाळून दोन आठवडे झाले.

कागद सोबत जोडलाय. चारच ओळी आहेत: पहिली ते चौथी, थंडी वाटेल तेव्हा कुठलाही स्वेटर, कानटोपी, लेगिंग, फुल पँट चालेल, तारखेची अट नाही, उकडलं की काढायला परवानगी. तू मास्तर आहेस, लाल पेन घेऊन बस आणि वेलांट्या बघून दे. यावेळी "अनिवार्य" हा शब्दच वापरलो नाही, उगाच रिस्क कशाला.

वहिनींच्या बदलीचं काय झालं ते लिही. पोरगा दहावीत ना यंदा, त्याला माझ्यासारखं भूमितीत टांगू नकोस. अक्काला नमस्कार सांग, तिला स्वेटरचं काही बोलू नकोस. आणि नाशिकला जाऊन तू "मी केलं, मी सांगितलं" करायला लागलास म्हणे, परवा तुझा भाऊ सात रस्त्याला भेटला तो सांगत होता. लाज वाटू दे जरा, मी अजून केलोच म्हणतो.

आईकडं पिवळी लोकर संपली, करडी उरलीय, ती म्हणते दिल्याला एक विणते, त्यानं लहानपणी कधी घातला नाही. का घातला नाही ते तिला माहीत नाही. छातीचं माप कळव, पोट सोडून. बटणं मी स्वतः लावणार आहे.

शेंगाचटणी पार्सलनं पाठवतोय. डबा परत दे, मागचे दोन तुझ्याकडंच आहेत.

तुझा,
राजा