सायलीला पत्र : आधी टेप, मग पोस्टर

ओल्डेनबुर्ग, जर्मनी

चि. सायली,

अनेक आशीर्वाद. ती. दादा-वहिनींना नमस्कार सांग. हे पत्र दादालाही वाचायला दे, यातलं निम्मं त्याच्याच कोंबड्यांच्या शेडबद्दल आहे.

तुमच्या गटाच्या पोस्टरचा फोटो पाहिला. रक्ताळलेली कोंबडी आणि खाली ‘पिंजरे बंद करा’. होस्टेलच्या मेसवाल्याने हे वाचून नेमकं काय करायचं? कोणती अंडी घ्यायची, आठवड्याला किती ट्रे, कोणाकडून, किती रुपये जास्त मोजून? यातलं काहीच त्यावर नाही. आणि दादा चिडला तो तुम्ही कोंबड्यांची बाजू घेतलीत म्हणून नव्हे, बापाला गुन्हेगार ठरवलंत म्हणून.

जर्मनीत पिंजऱ्यांचं प्रकरण फिरलं ते मोजपट्टीवर. 1987 च्या नियमाने इथे एका कोंबडीला 450 चौरस सेंटीमीटर जागा पुरेशी मानली होती. नॉर्थऱ्हाइन-वेस्टफालिया राज्याने त्याला घटना न्यायालयात आव्हान दिलं. 6 जुलै 1999 ला कार्ल्सरूहच्या या न्यायालयाने निकाल दिला, आणि त्यातला सगळ्यात जड मुद्दा साधा गुणाकार आहे. हलक्या जातीची लेअर (अंड्यांसाठी पाळलेली) कोंबडी अंगाने 47.6 सेंटीमीटर लांब आणि 14.5 सेंटीमीटर रुंद, म्हणजे बसली की सुमारे 690 चौरस सेंटीमीटर व्यापते. मग 450 मध्ये पिंजऱ्यातल्या सगळ्या एका वेळी बसून झोपणार कशा? खाद्याच्या पन्हळीची कड दर कोंबडीला 10 सेंटीमीटर आणि कोंबडी साडेचौदा रुंद, तेव्हा सगळ्यांनी एकदम खायचंही शक्य नाही. प्राण्याला त्याच्या गरजेप्रमाणे ठेवावं असं त्यांचा कायदा आधीपासून म्हणतच होता, त्यामुळे नियम रद्द झाला. ‘क्रूर’ हा शब्द न वापरताही हे पटतं, आणि दादासारख्या माणसाला तर असंच पटतं.

आपल्याकडे 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातलं कलम 11(1)(ई) हेच सांगतं : हालचालीला वाव राहील एवढी उंची, लांबी, रुंदी नसलेल्या पिंजऱ्यात प्राणी ठेवू नये. आकडा मात्र 2023 च्या अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या नियमांत आला. दर कोंबडीला किमान 550 चौरस सेंटीमीटर, आणि जुन्या फार्मना 1 जानेवारी 2029 पर्यंत मुदत. समज पिंजरा 15 इंच रुंद आणि 18 इंच खोल आहे. क्षेत्र झालं 1742 चौरस सेंटीमीटर. चार कोंबड्या ठेवल्या तर वाट्याला 435 येतात, तीन ठेवल्या तर 580. म्हणजे पिंजरा तोच ठेवून चौथी काढली तरी जागेच्या आकड्यात बसतं, फक्त शेडची क्षमता पाव भागाने घटते. हा हिशेब तुम्ही स्वतः दादापुढे मांडा, त्याला कुठल्या अधिकाऱ्याकडून कळण्याआधी.

पण 550 म्हणजे काही मुक्कामाचं ठिकाण नाही. युरोपने हाच आकडा 2003 पासून मधली पायरी म्हणून वापरला आणि 1 जानेवारी 2012 ला साधे, म्हणजे आत दांडी-पेटी नसलेले पिंजरे बंदच केले. तयारीला बारा वर्षांहून जास्त मिळाली होती, तरी त्या दिवशी 13 देश तयार नव्हते आणि युरोपीय आयोगाला त्यांना नोटिसा धाडाव्या लागल्या. लांबची तारीख दिली की लोक शेवटच्या वर्षी जागे होतात. म्हणून मागणीत मधले टप्पे हवेत : अमुक महिन्यापर्यंत निम्मे ट्रे, अमुकपर्यंत सगळे.

सह्यांचीही तीच गत. ‘एंड द केज एज’ नावाची युरोपभरची सह्यांची मोहीम 2018-19 मध्ये झाली, मागे 170 च्या आसपास संस्था. नियम असा की बारा महिन्यांत दहा लाख सह्या, त्याही किमान सात देशांत ठरलेली किमान संख्या गाठून. अर्धवट भरलेला किंवा न वाचता येणारा फॉर्म तपासणीत बाद होतो, म्हणून लक्ष्यापेक्षा बऱ्याच जास्त सह्या घ्याव्या लागतात. (आपल्या भारतीय पासपोर्टवर सही चालत नाही. टेबलामागे उभं राहायला मात्र कोणी अडवत नाही.) तपासणीनंतर जवळजवळ 14 लाख सह्या टिकल्या. 30 जून 2021 ला आयोगाने 2023 च्या अखेरीपर्यंत पिंजराबंदीचा प्रस्ताव आणायचं कबूल केलं. 2023 संपलं, प्रस्ताव आला नाही.

त्या मानाने काम केलं ते कवचावरच्या शिक्क्याने. 2004 पासून इथे दुकानातल्या अंड्यावर आकडा असतो : 0 सेंद्रिय, 1 मोकळ्यावर फिरणारी, 2 बंद शेडमध्ये पण जमिनीवर मोकळी, 3 पिंजरा. गिऱ्हाईक 3 उचलेना, दुकानांनी ती ठेवणं सोडलं आणि आज जर्मनीत पिंजऱ्यातल्या कोंबड्या 5 टक्क्यांहूनही कमी उरल्या आहेत. पळवाट राहिली ती नूडल्स, बिस्किटं, मेयोनीज यांत. तिथे अंडं दिसत नाही आणि शिक्का सांगायची सक्ती नाही. म्हणून मेसशी बोलताना ‘अंडी’ एवढंच म्हणू नकोस. उकडलेली, भुर्जीतली, केकमधली, बाहेरून येणाऱ्या पॅटिसमधली असं लिहून घे.

आपल्याकडे असा शिक्का सक्तीचा नाही. तपकिरी अंडं ‘गावरान’ म्हणून चढ्या भावाने विकतात, पण रंग जातीवर ठरतो, राहणीवर नाही. तपकिरी अंडी देणारी संकरित कोंबडीही पिंजऱ्यात असू शकते. तेव्हा पुरवठादाराचं शेड बघितल्याशिवाय त्याचं नाव मेसला सुचवू नका. आत गेलात की गुडघ्यावर बसा, कोंबडीच्या डोक्याच्या उंचीला. तिथे अमोनियाने डोळे चुरचुरले तर लिटर, म्हणजे जमिनीवरचा तुसाचा थर, बिघडलंय, उभ्या माणसाला ते तितकं कळत नाही. मग पाठीवरची आणि शेपटीच्या मुळाशी असलेली पिसं बघा. तिथे टक्कल असेल तर एकमेकींना टोचणं सुरू आहे. शेवटी मर, म्हणजे रोज किती कोंबड्या मेल्या ते, लिहायची वही मागा. ती दाखवायला जो टाळाटाळ करतो त्याला तिथेच सोडा.

मेसवाल्याला पत्र एका पानाचं. सध्या आठवड्याला किती ट्रे लागतात ते आधी स्वयंपाकघरात विचारून घ्या. त्या दिवशीचा एनईसीसीचा (अंड्यांचा रोजचा भाव जाहीर करणाऱ्या समितीचा) दर, नव्या पुरवठादाराचा दर, आणि फरक प्रत्येक मुलीमागे महिन्याला किती पडतो तेवढं लिहा. फरक कोण देणार हे तुम्हीच सुचवा, नाहीतर तो पुरवठादाराच्या किंवा स्वयंपाकघरातल्या बायकांच्या माथी बसतो. तारीख, टप्पे, आणि दर तिमाहीला पावत्या दाखवायची अट घाला. सही अधिकार असलेल्याची घ्या. मॅनेजर नुसती मान डोलावतो आणि पुढच्या वर्षी बदलतो.

आता दादासाठी. पिंजरे उचलले की सगळं साधलं असं कोणी सांगत असेल तर ते खोटं आहे. मोकळ्या शेडमध्ये नवे त्रास सुरू होतात, आणि पहिल्याच बॅचला पस्तावलेला शेतकरी पुढे पंचक्रोशीत मोहिमेविरुद्ध बोलत राहतो.

युरोपीय मापाने 1000 कोंबड्यांना काय लागतं ते बघ. वापरता येणारी जागा चौरस मीटरला 9 कोंबड्या, म्हणजे साधारण 1200 चौरस फूट. जमिनीचा किमान तिसरा हिस्सा लिटरचा. बसायला दर कोंबडीला 15 सेंटीमीटर, म्हणजे एकूण 150 मीटर दांड्या. दोन दांड्यांत 30 आणि भिंतीपासून 20 सेंटीमीटर अंतर, कडा धारदार नकोत, आणि दांडी लिटरच्या वर नको, नाहीतर रात्रीची सगळी विष्ठा लिटरमध्ये. अंडी घालायच्या पेट्या दर सात कोंबड्यांना एक, किंवा 120 कोंबड्यांना एक चौरस मीटरचं सामाईक खुराडं. पाणी प्यायचं निपल दहाला एक. खाद्याची कड 100 मीटर, दोन्ही बाजूंनी खाता येणारी पन्हळ असेल तर 50 मीटर पुरते.

पहिली अडचण जमिनीवर पडणाऱ्या अंड्यांची. पिंजऱ्यात वाढलेली तलंग (अजून अंडी सुरू न झालेली तरुण कोंबडी) दांडीवर उडी मारायला शिकलेलीच नसते, ती पेटीपर्यंत चढणार कशी? कोपऱ्यात, अंधारात अंडं घालते. म्हणून तलंगा पहिल्या आठवड्यांपासून दांड्या असलेल्या मोकळ्या शेडमध्ये वाढवलेल्याच घ्यायच्या. अंडी सुरू व्हायच्या आधीच पेट्या उघड्या ठेवायच्या, शेडच्या कोपऱ्यांत उजेड आणि पेटीत अंधार ठेवायचा. सुरुवातीचे काही आठवडे जमिनीवरची अंडी दिवसातून अनेकदा उचलायची, कारण एक पडलेलं दिसलं की दुसरी तिथेच बसते.

दुसरी, पावसाळा. पिंजऱ्यात कोंबडी विष्ठेपासून वेगळी राहते, ही त्या पद्धतीची खरी जमेची बाजू. तुसावर ती त्यातच चालते. तूस ओलं झालं की रक्ती हगवण आणि जंत आलेच. निपल गळका नको, तूस रोज उकरायचं, गोळे झालेलं काढून टाकायचं, आणि कॉक्सीची, म्हणजे रक्ती हगवणीची, लस पिलांनाच.

तिसरी आणि सगळ्यात चिवट म्हणजे टोचाटोची. आपल्याकडे यावर उपाय म्हणून चोच कापतात. जर्मनीतल्या पोल्ट्रीवाल्यांनी सरकारशी करार करून 1 ऑगस्ट 2016 पासून पिलांची चोच कापणं थांबवलं. ते जमलं, पण फुकट नाही. दर काही दिवसांनी लसूणघासाच्या गाठी टांगायच्या, टोचायला खडे ठेवायचे, गर्दी कमी करायची, उजेडाची तिरीप एकाच जागी पडू द्यायची नाही. आणि खाद्य बघायचं. दळण असमान असलं की कोंबड्या जाड दाणे वेचतात आणि पीठ पन्हळीच्या तळाशी राहतं. मेथिओनिन (पिसांना लागणारा प्रथिनांतला घटक) त्या पिठातच असतं. ते पोटात गेलं नाही की पिसं उपटणं सुरू होतं, आणि एकदा लागलेली ही खोड बॅच संपेपर्यंत सुटत नाही.

सगळी शेड एकदम बदलू नकोस, दादा. पुढच्या बॅचला एकच कर, आणि मेसची ऑर्डर लेखी हातात आल्यावरच तलंगांना आगाऊ रक्कम दे. सायली, ही ऑर्डर मिळवणं हेच सध्या तुमच्या गटाचं काम. त्याआधी खाद्याच्या गिरणीत चाळण कोणती लावतात ते विचार, आणि पन्हळीत संध्याकाळी किती पीठ उरतं त्याचा फोटो पाठव. भरडा केवढा ठेवायचा ते त्यावरून कळवते.

वहिनींना सांग, मेतकूट पोचलं.

तुझी,
आत्या