बरणीचं माप

मुंबई, जून

ती. आई-बाबा, सा. न. वि. वि.

आई, लोणच्याची बरणी एसटीने पाठवू नकोस. तशीच नवी घडवायला मापं पुरेत. दादऱ्याच्या, म्हणजे तोंडावर बांधायच्या फडक्याच्या, दोरीने पोटाचा घेर घे, ती दोरी बाबा पट्टीवर मोजतील. उंची, तोंडाची रुंदी आणि मुख्य म्हणजे काठाखालची खाच. ती शोभेची नाही, तिच्यात दोरी बसते म्हणून दादरा निसटत नाही.

तेवढंच माप धरून मात्र चालत नाही. माझी स्टोनवेअरची, म्हणजे मोठ्या आचेवर भाजायची, माती वाळता-भाजताना एकूण 12 टक्के आटते. 22 सेंटिमीटरची बरणी हवी तर चाकावर 25ची उभी करायची. झाकण त्याच मातीचं, त्याच दिवशीचं, आणि पहिल्या भट्टीत बरणीवरच ठेवलेलं. वेगळं भाजलं की एक गोल राहतं, दुसरं वाकडं होतं.

इथल्या पावसाळी हवेत जाड बूड वाळता वाळत नाही. दिसायला कोरडं, पण गालाला लावलं की गार लागतं. तसंच भट्टीत गेलं तर आतल्या पाण्याची वाफ होऊन बूड फुटतं. पहिली भाजणी 1000 अंशांची, मग झिलई, म्हणजे काचेसारखा लेप, मग दुसरी भाजणी 1230 अंशांची. भट्टी निवताना 573 अंशांच्या आसपास मातीतलं क्वार्ट्झ एकदम आकसतं. तिथे घाई केली की तडा.

बाबा, धारावीच्या कुंभारवाड्यातली बरणी का नको, असं विचारता? ती माती कमी आचेची, सच्छिद्र. माठ पाझरतो म्हणून पाणी गार होतं, पण तशा बरणीत लोणचं भरलं तर तेल-मीठ अंगातून बाहेर येईल.

वर तपकिरी, खाली पांढरी, हे तसंच ठेवीन. झिलईत शिसं नाही. तरी भाजलेल्या तुकड्यावर लिंबाची फोड रात्रभर ठेवते. सकाळी तिथली चमक गेली असेल तर झिलई बाद.

आणखी एक काम. पाट्यावर टाल्कम पावडर भुरभुरवून शाडूची बोटभर जाड थापी दाबा आणि अलगद उचला. कडेचे ताजे टाके नकोत, वरवंट्याने झिजलेला मधला भाग हवा. ती थापी भाजून मी ठसा करीन. ओल्या बरणीच्या पोटावर दाबला की तसेच खळगे उमटतील आणि तेलकट हातातून बरणी सटकणार नाही. तिथे झिलई पातळच द्यावी लागेल, नाहीतर खळगे बुजतात.

शाडू गणपतीच्या कारखान्यात मिळेल, अर्धा किलो पुरे. थापी सावलीत वाळवा, उन्हात ती वाकते.

तुमची,
धाकटी