गाडी वापरलेलीच घेते आहे, बाबा

तीर्थरूप आई आणि बाबा यांस साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय निघाला की बाबांचा आवाज चढतो आणि आई फोन काढून घेऊन 'जेवलीस का' एवढेच विचारते, म्हणून या वेळी सगळे सविस्तर लिहून पाठवते आहे. गाडी वापरलेलीच घ्यायची असे मी ठरवले आहे आणि तिचा बयाणाही देऊन झाला आहे. पत्र वाचून होईपर्यंत तरी रागावू नका.

बाबा, २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के आणि उपकर यांवरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा आता नवीच घ्यावी, हा तुमचा मुद्दा खोटा नाही. नव्या आणि जुन्या गाडीतले अंतर त्यामुळे खरोखरच कमी झाले आहे. तरीही मला हवी तशी वॅगनआर नवी घेतली, तर आपल्याकडचा ११ टक्के वाहन कर, विमा आणि नोंदणी धरून ती सात लाखांच्या आसपास जाते. ही २०२० सालची गाडी मला चार लाखांत मिळते आहे, आणि नव्या गाड्यांचे भाव उतरल्याचे मालकासमोर मांडूनच मी ती तिथवर आणली. (घासाघीस कोणाकडून शिकले, ते आईला विचारा.) तिचा एकरकमी कर पहिल्या मालकाने भरलेला आहे आणि नोंदणी २०३५ पर्यंत आहे. विम्याच्या हिशेबात पाच वर्षांत गाडीची किंमत निम्म्यावर येते, आणि ती घट दुसऱ्या कोणीतरी आधीच सोसलेली आहे. शिवाय मी नवशिकी आहे. कोथरूडच्या गल्ल्यांमध्ये गाडी लावताना पहिल्या वर्षी तिला ओरखडे पडणारच, आणि ते सात लाखांच्या गाडीवर पडले तर मला झोप लागणार नाही.

खरे कारण मात्र वेगळे आहे. वरच्या तीन लाखांसाठी तुम्ही पोस्टातली ठेव मोडायला निघाला होतात, हे मला कळले आहे. कोणी सांगितले, ते विचारू नका आणि आईकडे पाहूही नका. दादाच्या वेळी जे झाले, त्यानंतर ती ठेव पुन्हा उभी करायला तुम्हाला किती वर्षे लागली, हे मी घरातच राहून पाहिले आहे. ती तुमच्या दोघांच्या औषधपाण्याची आहे आणि तशीच राहील.

सुरक्षिततेची काळजी आईला आहे, म्हणून सांगते. गाडी २०१९ च्या नंतरची असावी यावर मी अडून बसले, कारण त्या वर्षी एप्रिलपासून एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाके अडकू न देणारी यंत्रणा) आणि जुलैपासून चालकाची एअरबॅग सक्तीची झाली. शेजारच्या आसनाची एअरबॅग जुन्या मॉडेलांना २०२१ च्या अखेरीपर्यंत सक्तीची नव्हती, त्यामुळे ती असलेलाच प्रकार शोधला. आईला मागे बसले की मळमळते आणि ती पुढेच बसणार, हे मला ठाऊक आहे.

याआधी एक गाडी फार स्वस्त मिळत होती. तिचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिला, तर आतल्या पट्ट्यावर वाळलेल्या गाळाची रेघ होती आणि आसनाखालच्या रुळांना गंज चढलेला होता. कृष्णेचा पूर दारात पाहिलेल्या कराडच्या माणसाला त्यापुढे काही सांगावे लागत नाही. मी तिथूनच परत फिरले. दिल्लीहून आलेल्या गाड्याही वगळल्या, कारण तिथे १० वर्षांपुढच्या डिझेल आणि १५ वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांना बंदी आल्याने त्या इकडे स्वस्तात येऊ लागल्या होत्या, आणि नाव इथे करताना कर नव्याने भरावा लागतो.

ही गाडी आमच्या गल्लीतल्या मेकॅनिकने सकाळी इंजिन थंड असताना सुरू करून पाहिली, अपघातानंतर दुरुस्ती झाली आहे का हे कळावे म्हणून बॉनेटचे बोल्ट कधी उघडले गेलेत का, तेही तपासले. टायरवरच्या चार आकड्यांवरून ते कोणत्या आठवड्यात आणि कोणत्या वर्षी बनले ते कळते. चारही जुने निघाले, म्हणून नव्या टायरांचा खर्च मी वेगळा धरला आहे. मीटर मागे फिरवलेले नाही, हे सर्व्हिसिंगच्या नोंदींवरून ताडून पाहिले. आरसीवर, म्हणजे नोंदणीपत्रावर, मालकाच्या कर्जापोटी अजून बँकेचे नाव आहे, त्यामुळे बँकेचे ना-हरकत पत्र आणि ते नाव काढण्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय उरलेली रक्कम देणार नाही. गाडी माझ्या नावावर करण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या माझ्यासमोर होतील, थकलेली चलने मालकच भरेल आणि विमा १४ दिवसांच्या आत माझ्या नावावर करून घेईन. जुन्या मालकाचा नो-क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) मला मिळत नाही, तेव्हा हप्ता थोडा वाढेल.

आई, आसन उंच आहे. गुडघे फार न वाकवता तुला चढता-उतरता येईल. स्वारगेटच्या गर्दीत पिशव्या सांभाळत उभे राहणे आता संपले. वाटेत तू म्हणशील तिथे थांबू आणि डबाही तुझाच खाऊ. पूर्वी एसटीत तुझ्या मांडीवर डोके ठेवून मी खंबाटकी लागायच्या आत झोपून जात असे. आता तू खुशाल झोप, मी जागी आहे.

बाबा, पुढचे जरा जड आहे. ही गाडी तुम्ही चालवायची नाही. तुमचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, यात मला शंका नाही, पण परवान्याची मुदत संपली आहे आणि तशात काही झाले तर विमा कंपनी हात वर करते. मोतीबिंदूनंतरची तपासणीही तुम्ही टाळता आहात. ती झाली, परवाना नवा झाला, की आपण पुन्हा बोलू. तोवर शेजारी बसून गिअर कधी बदलायचा ते सांगा, मी उलट उत्तर देणार नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ याच आठवड्यात घ्या. साखरेची गोळी जेवणाआधी, आठवण होईल तेव्हा नव्हे. आई, रात्री उठून पाणी भरू नकोस. ठेवीचे पासबुक कपाटात परत ठेवा आणि ते ठेवल्याचे मला फोन करून सांगा. नाव झाल्यावर पहिली फेरी कराडलाच करीन, दिवसाउजेडी, आणि पूजा तुमच्या हातूनच होईल. नारळ तेवढा आणून ठेवा.

तुमची,
चिऊ