तिजोरी घरी आली

ठाणे, घोडबंदर रोड
रविवार, रात्री साडेदहा

प्रिय दिगू,

अण्णांची तिजोरी खालच्या दुकानातून वर राहत्या घरात न्यावी का, असं तू मागच्या आठवड्यात फोनवर विचारलंस आणि मी ‘सांगतो नंतर’ म्हणून टाळलं. कारण तेव्हा आमची तिजोरी टेम्पोत होती आणि माझा जीव टांगणीला. आता ती एकदाची जागेवर बसलीय, म्हणून सविस्तर लिहितो.

आमची तिजोरी तुला आठवत असेलच. जांभळी नाक्याच्या दुकानात गल्ल्यामागे असायची ती, हिरवी, पितळी मुठीची. आजोबा दुपारी डुलकी काढायचे तेव्हा आपण तिच्यावर चढून चिंचा खायचो. आता ती इमारत पाडून नवी बांधणार आहेत. मी म्हटलं, विकून टाकू. आई म्हणाली, “भंगारवाल्याला लक्ष्मी देतात का रे?” विषय संपला.

चार पोरं बोलवू, उचलू, असं मला वाटलं होतं. वाटेत वजनकाट्यावर आकडा आला ३४० किलो. रिकामी असताना! दोन जाड पत्र्यांच्या मध्ये काँक्रीटसारखा मसाला ठासून भरलेला असतो ना, सगळं वजन त्याचं. आग लागली की त्यातलं पाणी वाफ होऊन निघतं आणि आतले कागद बराच वेळ थंड राहतात. पावसाळ्यात मात्र तोच ओलावा आत उतरतो, त्यामुळे दस्तऐवज प्लास्टिकच्या पाकिटात ठेव आणि सिलिका जेलच्या पुड्या टाक. आमच्या आजोबांच्या भाडेपावत्यांची पार पापडी झाली होती.

वजन कळेपर्यंत माझी हवा गेली होती, पण नाक्यावरचा एक म्हातारा मुकादम देवासारखा भेटला. अंगाने काडी. सोबत तीन माणसं, दोन पहारी, दीड इंची लोखंडी पाइपाचे सहा तुकडे, फळ्या आणि गोणीभर लाकडी गुटके. मी विचारलं, चारच जण? तर म्हणाला, “साहेब, तिजोरी हलवायला ताकद लागत नाही. थांबवायला लागते.”

याचा अर्थ टेम्पोतून उतरवताना कळला. फळ्यांचा उतार केला, तिजोरीला दोर बांधला आणि त्या दोराचे दोन वेढे टेम्पोच्या लोखंडी चौकटीला घातले. दोराचं टोक एकट्या मुकादमाच्या हातात. वेढा जरा सैल करायचा, तिजोरी वीतभर उतरायची, वेढा आवळायचा, ती थांबायची. खाली उभ्या माणसाला त्याने शिवी हासडून बाजूला काढलं. “खाली कुणी नाही पाहिजे! निसटली तर निसटू दे, फरशी परत मिळते.” हे वाक्य लिहून ठेव. तुझ्या त्या उत्साही भाच्यांना ‘मी धरतो’ म्हणत पुढे घुसायची खोड आहे.

पुढे सपाटीवर काम सोपं. पहारीने एक कड उचल, गुटका सार, पाइप घाल, ढकल, मागे सुटलेला पाइप पुढे आण. आणि दर दोन हातांवर पाचर मार.

खरी गंमत लिफ्टपाशी. आमच्या लिफ्टमध्ये पाटी आहे, ८ व्यक्ती, ५४४ किलो. म्हणजे माणशी ६८ किलो धरलेत. तिजोरी एकटीच पाच माणसांची झाली. मुकादमाने हिशेब केला आणि बाकीच्यांना जिन्याने पिटाळून बटण दाबायला फक्त मला आत ठेवलं. लिफ्टच्या तळाला आधीच फळी टाकलेली, सगळा भार चार पायांवर येऊ नये म्हणून. पण तिजोरीचा पुढचा भाग आत आला आणि लिफ्ट बोटभर खाली बसली! उंबऱ्याशी पायरी तयार झाली, मागचे पाय अडकले. पहार लावली, ती घसरली आणि लॉबीतल्या फरशीला टवका गेला. सेक्रेटरी नेमके तेव्हाच दूध घेऊन येत होते. पंधराशे रुपये अनामत गेली. शेवटी पातळ लोखंडी पट्टी टाकून मुकादमाने ती पायरी बुजवली. सातव्या मजल्यापर्यंत मी त्या हिरव्या बयेला चिकटून उभा होतो, आयुष्यात इतकं रामनाम घेतलं नसेल.

आता तुझा मुख्य प्रश्न, स्लॅब पेलेल का? मी आधीच ओळखीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला घरी आणलं होतं. राहत्या घराचा स्लॅब साधारण चौरस मीटरला २०० किलो धरून काढतात. आमच्या तिजोरीचा तळ दोन फूट बाय दोन फूट, म्हणजे तेवढ्या जागेपुरता भार त्याच्या साडेचारपटीहून जास्त. त्याने समजावलं की सगळी खोली तिजोऱ्यांनी भरलेली नाही, त्यामुळे घाबरू नकोस, पण खोलीच्या मध्यावर ठेवू नकोस. कॉलमजवळच्या कोपऱ्यात ठेव, जिथे दोन बीम भेटतात. तुझं घर मात्र जुनं, लाकडी तुळयांचं. तिथे कुणाच्या अंदाजावर जाऊ नकोस, माणूस आणून तुळया बघून घे. नाहीतर सरळ लहान नवी घे. फक्त ती पन्नास-साठ किलोची असते, चोर आख्खी उचलून नेतो, म्हणून बोल्टने जमिनीत पक्की करावी लागते. भोकं पाडताना स्लॅबमधल्या वायरिंगच्या नळ्या आणि खालच्यांचं छत सांभाळ.

कोपऱ्यात बसवल्यावर दार आपोआप उघडून भिंतीवर आदळायला लागलं. त्या दाराचंच वजन इतकं की उघडं असताना सगळा तोल पुढे येतो. पाणसळ ठेवली तर पुढची बाजू कलती निघाली. पुढच्या पायांखाली पत्र्याचे तुकडे सारत सारत एक तास गेला. आता दार जिथे सोडावं तिथे थांबतं.

राहिली आई. तिजोरीचं तोंड उत्तरेला हवं, कुबेराची दिशा, असा तिचा हट्ट. उत्तरेकडे तोंड करायचं तर तिजोरी बाथरूमच्या ओल्या भिंतीला टेकवावी लागली असती, तीही खोलीच्या मधोमध. कॉलमच्या कोपऱ्यात तोंड येतं पूर्वेला. मुकादम पाचर हातात धरून उभा, आई हळदीकुंकू घेऊन उभी. मी फोनमधलं होकायंत्र उघडलं आणि तिजोरीच्या माथ्यावर ठेवलं. इतक्या लोखंडापुढे त्या बिचाऱ्याचं काय चालणार, काटा गरगरला आणि थेट दाराच्या दिशेने उत्तर दाखवून मोकळा झाला. आईने स्वतः दोनदा वाकून बघितलं, “बघ, मी म्हणत नव्हते?” म्हणाली आणि दारावर स्वस्तिक काढलं.

दिवाळीला येशील तेव्हा तिच्यासमोर फोन काढू नकोस म्हणजे झालं. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
नंदू