हरकतीत सर्व्हे क्रमांक लिहा

संपादक महोदय,

गोव्यात भूरूपांतराचा, म्हणजे शेत-डोंगराची जमीन बांधकामासाठी खुली करण्याचा, विषय निघाला की ग्रामसभेत ‘आधी परप्रांतीयांचा लोंढा आवरा’ हे हमखास ऐकू येते. पर्यावरणवादी संघटनांनी तरी ते आपल्या निवेदनात उतरवू नये.

२००१ ते २०११ या दशकात राज्याची लोकसंख्या १३.४८ लाखांवरून १४.५८ लाखांवर गेली. ही वाढ सुमारे ८ टक्के, म्हणजे देशाच्या वाढीच्या निम्म्याहूनही कमी. २०११ च्या जनगणनेत साधारण पाचांतले एक घर रिकामे आढळले. नंतरची जनगणना लांबली, त्यामुळे ‘लोंढ्या’चे हल्ली सांगितले जाणारे आकडे अंदाजपंचेच. भाड्याच्या खोलीत चौघांसोबत राहणारा मजूर आणि वर्षाकाठी पंधरा दिवस येणारा व्हिलाचा मालक, दोघेही बाहेरचेच. डोंगर कापला जातो तो दुसऱ्यासाठी आणि शिव्या खातो पहिला.

अमेरिकेतली सिएरा क्लब ही पर्यावरण संघटना याच वादात पोळली आहे. १९९६ मध्ये तिने स्थलांतराबाबत तटस्थ राहायचे ठरवले. १९९८ च्या मतदानात सभासदांनी तीच भूमिका कायम ठेवली. तरी २००४ मध्ये स्थलांतरविरोधी गटाने संचालक मंडळ काबीज करण्याचा प्रयत्न केला आणि तो हरला. पुढे २०१३ मध्ये क्लबने कागदपत्रे नसलेल्यांना नागरिकत्व मिळण्याची वाट खुली करावी, अशी बाजू घेतली. व्यापारावरही तिकडे दुफळी होतीच. १९९३ मध्ये काही बड्या पर्यावरण संघटना नाफ्टाच्या (अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्या मुक्त व्यापार कराराच्या) बाजूने, तर सिएरा क्लब विरोधात होता. तो वाद निदान मुद्द्याचा होता. आपल्याकडून २०१०-११ मध्ये पाच कोटी टनांच्या आसपास लोहखनिज बाहेर गेले, बहुतेक चीनला. टनभर खनिजामागे अडीच-तीन टन माती निघते. तिचे डंप झाले आणि पावसाळ्यात ती ओहळांतून शेतांत उतरली. परप्रांतीय मजूर नसते तरी ती उतरलीच असती.

हरकतीचेही तसेच. नगरनियोजन कायद्याच्या कलम ३९अ खाली जमिनीचा झोन बदलण्याची नोटीस निघाली की हरकत घ्यायला ३० दिवस मिळतात. ‘बाहेरच्यांना जमीन देऊ नका’ एवढेच लिहिलेली हरकत टिकत नाही, कारण जमीन कोण घेतो हा त्या कलमाचा विषयच नव्हे. सर्व्हे क्रमांक, उपविभाग, चौरस मीटर आणि प्रादेशिक आराखडा २०२१ मधला झोन लिहा. उतार मोजा: १०० मीटर आडव्या अंतरात २५ मीटरहून जास्त चढ असेल तर तो मुद्दा सर्वांत वर. खालच्या अंगाला झर, खाजन (बांध घालून राखलेली खाडीकाठची सखल जमीन) किंवा भातशेती असल्यास नकाशावर खूण करून जोडा. डोंगरकापणी किंवा भराव आधीच सुरू असेल तर कलम १७अ ची तक्रार वेगळ्या कागदावर द्या; एकाच पत्रात दोन्ही घातले की एकही मार्गी लागत नाही. नोटिशीत बरेच सर्व्हे क्रमांक असतात, म्हणून प्रत्येकाची हरकत स्वतंत्र द्या आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

– एक वाचक, फोंडा